घे, तुझाच समज

“हा घेऊ नका.”

पर्सची चेन अर्धी उघडून युम्नाचा हात तिथंच थांबला. तीन आठवडे तिनं कॉम्प्युटर मार्केट पालथं घातलं होतं. डोळे चुरचुरेपर्यंत इंटरनेटवर वाचलं होतं, मैत्रिणींचं डोकं खाल्लं होतं, आणि आज नोव्हेंबरातलं ‘झाडू’ नावाचं वादळ अलेक्झांड्रियाचे रस्ते नावाप्रमाणे झाडून काढत असताना नखशिखान्त भिजून येऊन तिनं एकदाचा एक लॅपटॉप पसंत केला होता. आणि शेजारच्या स्टुलावर चहा भुरकत बसलेला हा कोण कुठला मुलगा म्हणत होता, घेऊ नका.

“तुम्ही इथं कामाला आहात?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. प्रोसेसर बघितलात? नंबरच्या शेवटी यू आहे. वीज वाचवणारा. ऑफिसात पत्रं टाइप करायला ठीक. तुमच्या पाठीला ही नकाशांची नळी लटकतेय, म्हणजे आर्किटेक्चर. अख्ख्या इमारतीचं मॉडेल उघडलंत की मान टाकेल हा.”

“आणि तुम्ही ग्राफिक्स कार्ड बघितलंत? वेगळं कार्ड आहे, चार जीबीचं. रेंडरिंग, मॉडेलची चित्रं, सगळं कार्डावर होतं.”

“रेंडरिंगच्या आधी मॉडेल उघडावं लागतं...”

काउंटरमागे वदीअकाकांनी भिंतीवरच्या संत मार गिरगिसच्या तसबिरीकडे बघून सुस्कारा सोडला. परदेशातल्या ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप कंटेनर भरून बंदरात येतात, वदीअकाका ते पुसूनबिसून विकतात, आणि शहरातली निम्मी इंजिनियर पोरं त्यांच्यावरच पास होतात. काकांच्या लेखी दुकानात येणारा प्रत्येक जण इंजिनियरच, अगदी चहावालासुद्धा.

“काका, किती म्हणालात?” युम्नानं त्या मुलाकडे पाठ केली.

“तुझ्याकडून काय घ्यायचं, पोरी? असाच घेऊन जा,” काका म्हणाले, आणि मग जी किंमत सांगितली ती ऐकून तिचे डोळे पांढरे झाले. हे ‘असाच घेऊन जा’ मनावर घ्यायचं नसतं. म्हणणाऱ्यानं म्हणायचं, ऐकणाऱ्यानं ‘छे, असं कसं’ म्हणायचं, आणि मग व्यवहाराला लागायचं. कुणी तुमच्या घड्याळाला छान म्हटलं की ‘घे, तुझंच समज’ म्हणायचं, त्यानं ‘तुझ्याच हातात शोभतं’ म्हणायचं, आणि घड्याळ जिथल्या तिथं राहतं. आईच्या दुधाबरोबर शिकलेली रीत ती, चुकणार कुणाची?

पर्समधल्या पाकिटात आईच्या भिशीचे पैसे होते. शेजारणींच्या मिनतवाऱ्या करून आईनं पहिला नंबर मिळवला होता, का तर लेकीचं शेवटचं वर्ष. जानेवारीअखेर प्रोजेक्ट परीक्षकांपुढे मांडायचं, आणि घरी भावाचा जुना लॅपटॉप, त्याचा पंखा असा ओरडतो की शेजारीण विचारते, मिक्सर लावलाय का. हे पैसे एकदाच मिळणार होते. चुकीच्या यंत्रावर गेले तर वर्ष गेलं.

तिनं लॅपटॉपकडे बघितलं. त्या यू अक्षराकडे बघितलं. आणि नको तेच केलं.

“काका, मी उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप विकला गेला होता. तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं, पण रात्रीतून डॉलर चढला होता, आणि मार्केटमधल्या सगळ्या किमतींची पाटी पुसून नवी लिहिली गेली होती. तो मुलगा मात्र त्याच स्टुलावर, तसाच चहा भुरकत.

“तुझ्यामुळे,” युम्ना म्हणाली. “फक्त तुझ्यामुळे. कोण आहेस तू? कुणी विचारलं होतं तुला? आजपासून तू दाखवलेला लॅपटॉप मी घेणार नाही. फुकट दिलास तरी नाही. अल्लाशप्पथ.”

रागाच्या भरात ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला, तो परत ‘तुम्ही’ झालाच नाही.

“शिहाब,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“कोण आहेस विचारलंस ना... शिहाब. ललित कलेला आहे. कार्टून काढतो.”

“हा उन्हाळ्यापासून लॅपटॉप घेतोय,” वदीअकाकांनी माहिती पुरवली. “उन्हाळ्यात याच्या पैशांत छान मशीन येत होतं. म्हणे, पुढच्या महिन्यात नवा प्रोसेसर येतोय, थांबू. आता त्याच पैशांत झाकण येईल. तरी थांबलाय. माझा चहा मात्र संपवतो.”

युम्नानं कपाळाला हात लावला. ज्याला स्वतःचा लॅपटॉप घेता येत नाही, त्याच्या सल्ल्यावर तिनं हातचा घालवला होता.

त्यानं माफी मागितली. मार्केटच्या दारापर्यंत मागे मागे येऊन मागितली, आणि वर म्हणाला, मी शोधायला बरोबर येतो. एक शब्द बोलणार नाही. नुसता उभा राहीन.

खरंच बोलला नाही. पण तोंड मिटलं म्हणून भुवई मिटते का? युम्ना एखाद्या लॅपटॉपवर बोट ठेवायची आणि याची डावी भुवई हलकेच वर जायची. दुकानदार सांगतोय, प्रोसेसर नवाकोरा, आणि भुवई वर. कार्ड दमदार, आणि भुवई आणखी वर. चढलेल्या भावांत आता पाकिटात एकच काहीतरी बसत होतं – चांगला प्रोसेसर, नाहीतर चांगलं कार्ड. प्रोसेसर घ्यावा तर रेंडरिंगला रात्र जाणार, कार्ड घ्यावं तर मॉडेल फिरवताना स्क्रीन गोठणार. काय करावं काही सुचत नव्हतं, आणि त्यात ही भुवई.

“बोल एकदाचा,” एका दुकानाबाहेर ती वैतागून म्हणाली. “भुवईपेक्षा तोंड परवडलं.”

“परवानगी आहे?”

“नाही. पण बोल.”

“प्रोसेसर म्हणजे... तुमच्याकडे द्राक्षाची पानं भरायला घेतात तेव्हा आई असते ना, तशी. भात किती, मसाला किती, पातेल्यात आधी काय, सगळं तीच ठरवते. आई धड नसेल तर जेवण नाही.”

“आणि कार्ड म्हणजे पानं वळायला बसलेल्या मावश्या,” युम्ना लगेच म्हणाली. “मोठं काही ठरवायचं नाही, पण एका वेळी दहा हात चालतात. आई एकटी शंभर पानं वळत बसली तर जेवण उद्या मिळेल. मला मावश्या हव्यात.”

“आईशिवाय मावश्या नुसत्या भांडतील.”

“माझ्या मावश्या आईसमोरही भांडतात.”

तो हसला. हसताना त्याच्या नाकाला सुरकुती पडायची. युम्नानं ते बघितलं, आणि आपण ते बघितलं याचा तिला राग आला.

परतताना समुद्रावरून पाऊस आला. इथला पाऊस खाली पडत नाही, आडवा येतो, आणि छत्री उघडणाऱ्याला हसतो. शिहाबनं चटकन जॅकेट काढलं. युम्ना किंचित त्याच्याकडे सरकली... आणि जॅकेट गेलं तिच्या पाठीवरच्या सॅकवर. आत भावाचा तो मिक्सर होता.

“आणि मी?” तिनं केसांतून पाणी निथळत विचारलं.

“तू वाळशील. तुझं प्रोजेक्ट वाळणार नाही.”

इतका चिडचिड करवणारा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घरापर्यंतच्या वाटेत तिला सारखं हसू येत होतं, हा आणखी एक ताप.

इमारतीच्या दाराशी ती म्हणाली, “वर ये ना, चहा घेऊन जा.” आणि तो म्हणाला, “नको, पुन्हा कधीतरी. घरच्यांना सलाम सांग.” म्हणायचं असतं म्हणून ती म्हणाली, नाकारायचं असतं म्हणून त्यानं नाकारलं. मग हे रोजचंच झालं. ती ‘वर ये ना’ म्हणायची, तो ‘पुन्हा कधीतरी’ म्हणायचा. फक्त तो ‘पुन्हा कधीतरी’ म्हणायला दिवसेंदिवस जास्त वेळ लावायला लागला, आणि तिला जिना चढायची घाई कमी कमी व्हायला लागली.

जानेवारी उजाडला आणि शिहाबनं लॅपटॉप घेतला.

तिला आधी सांगितलंसुद्धा नाही. ती वदीअकाकांच्या दुकानात शिरली तर हा स्टुलावर, आणि समोर काउंटरवर काळाभोर, जाडजूड, जवळजवळ नवा लॅपटॉप. जर्मनीला निघालेल्या कुणा इंजिनियरचा म्हणे. उन्हाळ्यापासून ज्याचं ठरत नव्हतं, त्याचं नेमकं तिच्या आधी ठरलं.

“मबरूक,” ती कोरडेपणानं म्हणाली. अभिनंदन न करायला ती काही असंस्कृत नव्हती.

“बघ तरी.”

“बघितला.”

“स्क्रीन बघ. रंग किती खरे...”

“मबरूक म्हटलं ना.”

पुढचे आठ दिवस तिनं सहन केलं. तो रोज लॅपटॉप घेऊन यायचा. रोज तिच्यासमोर उघडून ठेवायचा. कॉफी प्यायला गेले की टेबलावर तो. बाकावर बसले की मांडीवर तो. त्याच्यावर कार्टूनसुद्धा काढायचा नाही, नुसता तिच्याकडे वळवून ठेवायचा, जणू दाखवायला आणलेलं स्थळ. माणसानं मिरवावं तरी किती? जिच्याकडे अजून काही नाही तिच्यापुढे? युम्ना त्या यंत्राकडे बघायचीच नाही. वदीअकाका मात्र दोघांकडे आळीपाळीनं बघायचे आणि मार गिरगिसला काहीतरी पुटपुटायचे.

आणि मग भावाचा लॅपटॉप गेला. पंखा शेवटचं ओरडला, स्क्रीन काळी झाली, आणि आत प्रोजेक्ट. अनफूशी भागातला जुना मासळीबाजार, तिनं नव्यानं मांडलेला, एकेक ओटा, एकेक कमान, समुद्राकडे उघडणारं छत. ती तशीच पावसात मार्केटला धावली. जानेवारीतलं मोठ्या पाण्याचं वादळ होतं, लाटा किनारा ओलांडून रस्त्यावर येत होत्या.

वदीअकाकांनी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, आतली डिस्क बाहेर घेतली. “हिला काही झालेलं नसावं. पण बघायला हवं.” त्यांनी डिस्क वायरीला जोडली, आणि वायर, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून, शिहाबच्या लॅपटॉपला.

तिघं वाकून बघत राहिले. फाइल उघडली... आणि मासळीबाजार स्क्रीनवर उभा राहिला.

अडखळला नाही. गोठला नाही. युम्नानं बोट फिरवलं तसा अख्खा बाजार अलगद वळला. छताच्या फटीतून ऊन उतरलं, ओट्यांच्या निळ्या फरशांवर पडलं, आणि त्या फरशा तिनं महिनोन्‌महिने मनात बघितल्या तशाच निळ्या दिसल्या. तिचे डोळे भरून आले. आपण इतकं छान काम केलंय, हे तिला तोवर दिसलंच नव्हतं.

“माशाल्लाह,” तिच्या तोंडून गेलं. “काय सुरेख चालतो रे हा...”

“घे, तुझाच समज,” शिहाब म्हणाला. शब्द इतक्या झटकन आले की जणू ओठांवर तयारच होते.

आता पुढचं वाक्य तिचं होतं. तुझ्याकडेच शोभतो. लहान मुलालाही येतं ते. पण पाऊस, मेलेला लॅपटॉप, चढलेला डॉलर, ती भुवई, आठ दिवसांचं मिरवणं, सगळं एकदम तिच्या डोक्यात गेलं. हा माणूस फुकटचं ‘घे’ म्हणतोय. आणि कुणाला? त्याच्याचपायी हातचा घालवलेल्या मुलीला! याचा शब्द कुणीतरी एकदा तरी खरा धरायला हवा...

“बरं,” युम्ना म्हणाली.

तिनं लॅपटॉप मिटला. सॅकमध्ये घातला. डिस्क खिशात टाकली. पर्समधून भिशीचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

“हे तुला. घे निवडून दुसरा. तुला आवड आहे निवडायची.”

आणि ती बाहेर पडली. मागून कुणी हाक मारली नाही. फक्त वदीअकाकांचं हसणं ऐकू आलं, पोट धरून, थांबता थांबत नव्हतं.

मायक्रोबसच्या थांब्यापर्यंत तिचा राग टिकला. मग तो उतरला. हे काय करून बसलो आपण? आजवर साऱ्या शहरात कुणी ‘बरं’ म्हटलं नसेल. आईला कळलं तर आई तोंड दाखवणार नाही कुणाला. तिनं सॅक छातीशी धरली. परत जावं. माफी मागावी. ती वळली, तर समोरून शिहाब धावत येत होता, चिंब, जॅकेट अंगात न घालता पोटाशी गुंडाळून धरलेलं.

“देते,” ती म्हणाली. “देते परत. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. धावायची गरज...”

“चार्जर,” तो धापा टाकत म्हणाला. त्यानं जॅकेटच्या गुंडाळीतून वायर काढली. “चार्जर राहिला.”

तिनं वायर घेऊन सॅकमध्ये टाकली.

“परत न्यायला नाही आलास?”

“नाही गं.”

थांब्याशेजारी रताळी भाजणाऱ्याच्या गाडीवर ताडपत्रीचं छप्पर होतं. दोघं त्याखाली शिरले. भट्टीची ऊब लागली तसे त्याचे दात वाजायचे थांबले.

“तू कार्टून काढतोस,” युम्ना सावकाश म्हणाली. तिला आता एकेक दिसायला लागलं होतं. “कागदावर पेन्सिलनं काढून मग रंगवतोस. तुला एवढं मोठं कार्ड कशाला?”

“मला नकोच आहे.”

“तू तर प्रोसेसरवाला.”

“प्रोसेसरही चांगलाय त्यात. मॉडेल उघडावं लागतं ना आधी.”

“शिहाब.”

“तू शपथ घेतलीस,” तो रताळ्यांकडे बघत म्हणाला. “मी दाखवलेला घेणार नाही, फुकट दिला तरी नाही. मग मी दाखवणार कसा? म्हणून म्हटलं, आपला म्हणून घ्यायचा, नुसता समोर ठेवायचा. तू एकदा छान म्हटलंस की मी ‘घे’ म्हणेन, आणि दहादा म्हणेन, आणि मग काकांना मध्ये घालेन. आठ दिवस, युम्ना. आठ दिवस तो जड दगड घेऊन तुझ्यामागे फिरतोय. तू कौतुकाला किती कंजूष आहेस, तुला कल्पना आहे?”

“मला वाटलं तू मिरवतोयस.”

“कळलं मला ते. काकांना तर पहिल्या दिवशीच कळलं.”

“आणि किंमत?”

“तुझ्या पाकिटात किती आहेत ते साऱ्या मार्केटला पाठ आहे. तेवढ्यावर येईपर्यंत त्या इंजिनियरचं डोकं खाल्लं. शेवटी म्हणाला, घेऊन जा बाबा, मला विमान पकडायचंय.”

युम्ना हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि रडताना पुन्हा राग आला. “सहा महिन्यांत स्वतःचा एक निवडता आला नाही तुला, आणि माझा...”

“पहिले चार महिने खरंच ठरत नव्हतं,” तो म्हणाला. नाकाला ती सुरकुती पडली, पण तो हसत नव्हता. “मग तू आलीस. मग... घेऊन टाकला असता तर दुकानात यायला निमित्त काय उरलं असतं?”

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. युम्नाला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते असं, “मूर्ख आहेस तू.”

“हो.”

“मला आवडतोस.”

गाडीवाल्यानं न मागता कागदात एक गरम रताळं गुंडाळून दोघांच्या मध्ये ठेवलं, आणि ते त्यांनी एकमेकांकडे न बघता अर्धं अर्धं खाल्लं.

घराशी पोचले तेव्हा अंधारत आलं होतं. सॅक त्याच्या खांद्यावर होती, जॅकेट या वेळीही सॅकवरच. वरच्या खिडकीतून उकडलेल्या पानांचा वास आणि बायकांचा गलका खाली येत होता.

“उद्या तुझ्यासाठी लॅपटॉप मी निवडणार,” युम्ना म्हणाली. “दहा मिनिटांत. भुवई घरी ठेवून ये.”

“बरं.”

ती दारात घुटमळली. मग रोजचं वाक्य, रोजच्याच सुरात म्हणाली, निदान तिला तरी तो रोजचाच सूर वाटला. “वर ये ना. चहा घेऊन जा.”

शिहाबनं वर खिडकीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला.

युम्ना दारातून एक पाऊल बाहेर आली. “बरं म्हणजे?”

“तू म्हणालीस तसंच. बरं म्हणजे येतो.”

“शिहाब, वर अब्बा आहेत. आई आहे. आज पानं वळायला बसल्यात, सगळ्या मावश्या आहेत. सगळ्या. वर आलास तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना?”

“म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाऊल मागे गेलं नव्हतं. “ठाऊक आहे. म्हणूनच येतोय. फक्त रिकाम्या हातानं कसा येऊ? कोपऱ्यावरून मिठाई घेऊन येतो. आलोच.”

आणि तो गेला. युम्नानं डोळे मिटून कपाळ दाराला टेकवलं. मिठाईचं दुकान. काचेमागे बासबुसा, कुनाफा, पिस्त्याची, बदामाची, साखर कमी, साखर जास्त. हा आता भुवई उडवत उभा राहणार. विचारणार, उद्या ताजी कोणती येणार आहे? तोवर मावश्या जेवून, हात धुवून आपापल्या घरी जातील आणि आपण इथंच दारात...

पावलं वाजली. तिनं डोळे उघडले. शिहाब समोर उभा होता, हातात रिबीन बांधलेला डबा.

“इतक्यात?” ती म्हणाली. “काय आणलंस?”

त्यानं डब्याकडे बघितलं, जणू आत्ताच बघत होता.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “दुकानाच्या दाराशी होता तो उचलला.”

युम्नानं त्याच्या खांद्यावरून सॅक काढून घेतली, आणि पुढे होऊन जिन्याचा दिवा लावला.